मोर दोन प्रकारचे असतात

नंदुरबार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? खरं सांगा! बहुतेकांना नकाशातला महाराष्ट्राचा वरचा डावा कोपरा आठवतो, तोही अंधुक. खवय्यांना तिथली लाल मिरची ठाऊक असते. ट्रेकवाल्यांनी तोरणमाळचं नाव ऐकलेलं असतं. आणि पेपर नीट वाचणाऱ्यांना पावसाळ्यातल्या कुपोषणाच्या बातम्या आठवतात. बस्स, संपलं. गोव्याला दहादा जाऊन आलेले माझे मित्र 'नंदुरबारला चाललेय' म्हटल्यावर विचारत होते, 'ते गुजरातमध्ये ना गं?'

नाही. पण अगदी काठावर आहे, हे खरं. सुरतमार्गे भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर नंदुरबारच्या आधी नवापूर स्टेशन लागतं. या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. प्लॅटफॉर्मवरच्या एका बाकावर मधोमध रेघ मारलीय. त्यावर बसून एक पाय इकडे, एक पाय तिकडे असा फोटो काढणं हा प्रवाशांचा आवडता उद्योग. मीही काढला! गंमत वाटली. पुढच्या आठ दिवसांत मात्र कळलं, की या जिल्ह्यात अशा न दिसणाऱ्या रेघा पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा वर्गांच्या दारात आहेत.

मी गेले होते वर्ग बघायला. कारण सोपं आहे. पाच वर्षं अंधेरीतल्या एका कंपनीत एचआरमध्ये काढली, मग बी.एड. केलं आणि आता मुंबईतल्या एका शाळेत शिक्षिका होऊन मला जेमतेम सहा महिने झालेत. नव्या शिक्षकाला एकच हाव असते, दुसऱ्यांचे वर्ग बघायची. ते कसे शिकवतात? त्यांची मुलं गप्प बसतात का? बसली, तर कशी?

माझगावची आजी

पण नंदुरबारच का? त्यासाठी आधी माझगावला जावं लागेल.

बी.एड.च्या वर्षी मी भायखळ्याजवळ ज्यांच्याकडे पेइंग गेस्ट होते, त्या आजी बेने इस्राएल. म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्याशी फुटलं, वाचलेल्यांनी तेलाचा घाणा चालवला, शनिवारी काम बंद ठेवलं म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले, ही त्यांची परंपरेने चालत आलेली गोष्ट. आडनावंही आपल्यासारखीच, गावावरून पडलेली: केहिमकर, राजपूरकर, चेऊलकर. आजींचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होतं, आणि मी 'ॲक्च्युअली' म्हटलं की त्या डोळे वटारायच्या.

आजी शिकल्या माझगावच्या सर एली कदुरी शाळेत. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या भावांनी १८७५ मध्ये समाजातल्या मुलांसाठी ही शाळा काढली. तेव्हा ती इस्राएल शाळा म्हणून ओळखली जायची. कदुरी यांचं नाव नंतरचं. रिबेका रूबेन १९२२ पासून १९५० पर्यंत तिथे मुख्याध्यापिका होत्या. मुंबई विद्यापीठाच्या १९०५ च्या मॅट्रिकमध्ये पहिला नंबर काढणाऱ्या याच त्या बाई! आजी शाळेत गेल्या तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचा दरारा शिल्लक होता म्हणे.

मी जगभरातल्या ज्यू शाळांबद्दल तेव्हा वाचत होते. अमेरिकेत 'ज्यू डे स्कूल' नावाचा प्रकार आहे. दिवसाचा एक भाग हिब्रू आणि धर्मग्रंथ, दुसरा भाग गणित, विज्ञान, इंग्रजी. मला प्रश्न पडला होता, की एकाच समाजाची मुलं एका इमारतीत कोंडून ठेवली तर ती जगात मिसळणार कशी? आजींना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगं, प्रार्थना हिब्रूत, पाढे मराठीत आणि पुढे इंग्रजी. तिन्ही एकाच छपराखाली. शाळा आमची होती, म्हणून आम्हाला बाहेर जाता आलं."

मला ते वाक्य तेव्हा नुसतं छान वाटलं. त्याचा अर्थ शोधायला निमित्त मिळालं ते बी.एड.च्या मैत्रिणीमुळे. ती मूळची साताऱ्याकडची. नंदुरबारमधल्या धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. फोनवर हे सगळं ऐकून म्हणाली, "तू पुस्तकं वाचत बसू नकोस. इकडे ये. कुणाची शाळा कुणासाठी असते, ते इथे चार दिवसांत कळतं."

मिरचीचा ठसका आणि पाच हुतात्मे

थंडीत नंदुरबारला उतरलात तर शहर आधी नाकाला कळतं. शहराबाहेरच्या मोकळ्या पठारांवर मिरची वाळत घातलेली असते. एकरच्या एकर लाल. फोटो भन्नाट येतात, फक्त वाऱ्याची दिशा बघून उभं राहायचं!

जिल्हा तसा तरुण आहे, तुमच्याआमच्या पिढीचा. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. सहा तालुके: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजेच धडगाव. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती. त्यात जवळजवळ ७० टक्के आदिवासी. साक्षरता ६४ टक्के, तेव्हा राज्यात सर्वांत कमी.

शहरात शिरीषकुमारांचं स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला 'छोडो भारत' आंदोलनाच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार गेले. शिरीषकुमार शाळकरी वयाचा होता. माझ्या नववीतल्या मुलांएवढा! घरची भाषा गुजराती. गुजराती बोलणारा एक मुलगा महाराष्ट्रातल्या गावात देशासाठी जीव देतो, आणि आपण अजून कुठल्या भाषेचा माणूस कुठला यावर भांडत असतो.

भाषांचं म्हणाल तर इथे जत्राच आहे. बाजारात अहिराणी आणि गुजराती. शहादा, तळोद्याकडे गुजर समाजाची गुजरी. नवापूरकडे मावची. डोंगरात भिलीचे प्रकार आणि पावरी. मराठी सगळ्यांना समजते असं आपण मुंबई-पुण्यात बसून गृहीत धरतो. इथल्या पाच-सहा वर्षांच्या कितीतरी मुलांसाठी शाळेतली मराठी ही आयुष्यातली पहिली परकी भाषा असते. आपल्या मुलांसाठी इंग्रजी असते ना, तशी. फरक एवढाच, की आपल्या मुलांना कार्टून, ट्यूशन आणि आईबाबा मदतीला असतात.

'म' कशाचा?

तापी ओलांडून तळोद्याच्या पुढे गाडी सातपुड्याला भिडते. धडगावला जायला चांदसैली घाट किंवा अक्कलकुव्याहून देवगोई घाट. वळणं अशी, की खिशातला मोबाईल आधी रेंज सोडतो आणि मग आपण धीर! वर पोचल्यावर मात्र डोळे निवतात. एका टेकडीवर एक घर, पलीकडच्या टेकडीवर दुसरं. कुडाच्या भिंती, वर कौलं. एकाच गावाचे पाडे मैलोन्‌मैल पसरलेले. 'शेजारी' या शब्दाचा अर्थ इथे आपल्या सोसायटीपेक्षा बराच वेगळा आहे.

मैत्रिणीची शाळा द्विशिक्षकी. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. परिपाठ झाला, राष्ट्रगीत झालं, हजेरी झाली. पटावर ३१, वर्गात १९. बाकीची कुठे? दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, मुलंही बरोबर जातात. होळीला परत येतात. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. उन्हाळ्याच्या तोंडाला मोहाची फुलं वेचायचा हंगाम, मग कैऱ्या चिरून आमचूर वाळवायचा. धडगावचा आमचूर प्रसिद्ध आहे. तो वाळवणाऱ्या हातांतले काही हात दुसरीच्या पटावर असतात, हे आपल्या छोल्यांना कुठे ठाऊक असतं?

मी मागे जाऊन भिंतीशी बसले. पहिलीत अक्षरओळख चालली होती. फळ्यावर 'म', शेजारी चित्र. मैत्रिणीने विचारलं, "हे काय?" सगळे गप्प. एक मुलगी पुटपुटली, "पक्षी." "कोणता? म... मो..." पुन्हा शांतता. मग मैत्रीण हसली, पावरीत काहीतरी म्हणाली, आणि वर्गात एकदम कालवा! प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं.

मधल्या सुट्टीत खिचडीच्या पातेल्याशी उभं राहून तिने उलगडून सांगितलं. "इथे मोर म्हटलं की यांच्या डोळ्यांपुढे घरातलं धान्य येतं. आपल्या भगरीच्या जातीचं. गुजरातीत मोरैयो म्हणतात ना, त्यातलंच. पहिल्या वर्षी मी मोराचं चित्र दाखवून 'मोर, मोर' करत होते आणि मुलं माझ्याकडे वेड्यासारखी बघत होती. जे यांनी काल रात्री खाल्लंय, त्याला मॅडम पिसं लावून आणतायत! आता मी आधी मोर कसा शिजवतात ते विचारते. आई कांडते कशी, भाकरी होते का, शेतात कुठे पेरता. मग म्हणते, आता दुसरा मोर बघू. मोर दोन प्रकारचे असतात, हे एकदा कळलं की 'म' आपोआप येतो."

बी.एड.च्या दोन वर्षांत 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र मी निदान वीस वेळा पाठटाचणात लिहिलं असेल. त्याचा खरा अर्थ खिचडीच्या वासात कळला.

तीच एक आणखी गोष्ट म्हणाली. "वर्ग बघायचा असेल तर मधली सुट्टी बघ. मूल ज्या भाषेत भांडतं ती त्याची भाषा." मी बघितलं. वर्गात 'हो मॅडम, नाही मॅडम' एवढ्यावर दिवस काढणारी दुसरीतली एक मुलगी मैदानात तीन मुलांना पावरीत फैलावर घेत होती. हातवारे काय, युक्तिवाद काय! कुठल्याही कंपनीने बघताक्षणी टीम लीडर केलं असतं. तिच्या वहीवर मात्र बाहेरच्या कुणीतरी शेरा मारला होता, 'प्रतिसाद देत नाही.' एचआरमध्ये मी असे शेरे खूप पाहिलेत. त्यावर एखाद्याचं अप्रायझल बिघडतं. इथे आयुष्य बिघडतं, कारण चौथी संपेपर्यंत ते मूल स्वतःच मानायला लागतं, की आपल्याला काही येत नाही.

आईला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी अक्कलकुवा भागातली एक सरकारी आश्रमशाळा पाहिली. राहणं, खाणं, शिक्षण, सगळं सरकारी. मुलं लांबच्या पाड्यांवरून येतात आणि सुट्टीशिवाय घरी जात नाहीत. संध्याकाळी अंगणात छोट्या मुली एकमेकींच्या वेण्या घालत बसल्या होत्या. पहिलीतली एक मुलगी नवीन होती. तिला घरची आठवण येत होती, हे कुणी सांगायला नको होतं. ती 'याहा, याहा' म्हणत होती. इकडच्या भिलीत याहा म्हणजे आई. डोंगरातली मोठी देवीही याहामोगी.

तिच्या पुस्तकात आई होती. 'आ' आईचा. पण तिची आई त्या पुस्तकात नव्हती. हे लिहिताना मला कुणाला दोष द्यायचा नाहीये. तिथले गुरुजी चांगले होते, रात्री मुलांना गोष्टी सांगत होते, एकाला ताप होता त्याच्या उशाशी बसून होते. पण भाषेच्या दारात मूल एकटं उभं राहतं, तिथे चांगुलपणा पुरत नाही. तिसरीतली एक मुलगी त्या नवीन मुलीजवळ येऊन बसली, गुरुजींचं प्रत्येक वाक्य तिला तिच्या बोलीत सांगत राहिली, आणि हळूहळू रडं थांबलं.

ज्यू परंपरेत अभ्यासाची एक फार जुनी पद्धत आहे, हवरूता. दोघांनी मिळून एक उतारा घ्यायचा, मोठ्याने वाचायचा आणि अर्थावरून चक्क वाद घालायचा. हा शब्द ज्या धातूवरून आला, त्याच धातूपासून हिब्रूतला मित्रासाठीचा शब्द बनतो. अशा अभ्यासाच्या खोलीत पिनड्रॉप सायलेन्स नसतो, बाजार भरलेला असतो! हे वाचलं तेव्हा मला ते ऋषितुल्य पंडितांचं काम वाटलं होतं. आश्रमशाळेच्या अंगणात सात-आठ वर्षांच्या दोन मुली तेच करत होत्या, कुणी न शिकवता. माझ्या मुंबईतल्या वर्गात मी 'बोलू नका' हे दोन शब्द दिवसातून किती वेळा म्हणते, ते मोजायचं ठरवून टाकलं.

पाण्याच्या वर सरकणारी शाळा

आता नर्मदा. धडगाव तालुक्यातल्या भूषाजवळ डोंगर संपतो आणि खाली पाणी पसरलेलं दिसतं. दृश्य असं, की कुणालाही मोबाईल काढावासा वाटतो. पण हे पाणी आहे सरदार सरोवराचं. महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणाने बाधित झाली, सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. मणिबेली त्यातलं पहिलं. अनेकांचं पुनर्वसन तळोदा, शहादा तालुक्यांत आणि गुजरातमध्ये झालं, काही जण डोंगरात वर सरकून तिथेच राहिले. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद करायला परवानगी मिळाली आणि २०१९ मध्ये ते पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं.

'स्वदेस' पाहिलाय ना? शाहरुख गावात पाण्यावर वीज तयार करतो, बल्ब लागतो, आजी म्हणते 'बिजली'... आपण सगळे थिएटरात रडलो होतो. धडगाव तालुक्यातल्या बिलगावात २००३ मध्ये गावकऱ्यांच्या श्रमदानातून असा छोटा जलविद्युत प्रकल्प खरोखर उभा राहिला होता. सिनेमाशी त्याचं नाव जोडलं जातं. २००६ मध्ये तो धरणाच्या पाण्यात गेला. सिनेमात हा भाग नाही.

या किनाऱ्यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाओ आंदोलनातल्या गावांनी स्वतःच्या शाळा सुरू केल्या. चिमलखेडी आणि निमगव्हाण या अगदी सुरुवातीच्या. नाव ठेवलं जीवनशाळा. घोषणा होती 'लढाई-पढाई साथ-साथ'. सरकारी शाळा कागदावर होत्या, पण गुरुजी डोंगरात पोचत नव्हते, ही लोकांची तक्रार. मग लोकांनीच झोपड्या बांधल्या, आपल्यातलीच थोडीफार शिकलेली पोरं शिक्षक केली. मुलं तिथेच राहणार, चौथीपर्यंत. सुरुवात आपल्या बोलीत, मग मराठी. गोष्टी पावरीत आणि भिलीत. पाणी चढलं तशा काही शाळा बुडाल्या आणि गावांनी त्या वरच्या टेकडीवर पुन्हा उभ्या केल्या. धरणाबद्दल तुमचं मत काहीही असो, त्यावर भांडायला वेगळा लेख लागेल. पण आपली शाळा बुडाली म्हणून ती उचलून वर नेणारं गाव मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

आम्ही बोटीने गेलो. याच पाण्यातून चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये स्वतः वल्ही मारत पलीकडच्या पाड्यांवरची बाळं आणि गरोदर बायका गाठल्या होत्या. ते आठवल्यावर इंजिनाच्या बोटीत बसून 'जरा ऊन लागतंय' म्हणायची सोय उरली नाही.

जीवनशाळेच्या वर्गात गेले तेव्हा गोंगाट चालला होता. मुलं गोलात बसली होती. विषय: आपल्या जंगलातली झाडं. प्रत्येक गट बाहेर जाऊन पानं घेऊन आला होता. बोलीतलं नाव, मराठी नाव आणि उपयोग, असे तीन रकाने. पहिला रकाना पाच मिनिटांत भरला, दुसऱ्यासाठी गुरुजींकडे धावाधाव, तिसऱ्यावरून भांडण. एक पान असं निघालं, की त्याचं मराठी नाव गुरुजींनाही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "मॅडम मुंबईच्या आहेत, त्यांना विचारा." एकोणीस-वीस डोळे माझ्याकडे. मी पानाकडे बघितलं, मुलांकडे बघितलं आणि मान हलवली. काय आनंद झाला त्यांना! मुंबईच्या मॅडमना जे येत नाही ते आपल्याला येतं! मग ते पान मला शिकवायला चौघं पुढे झाले, मराठीत. अडखळत, हसत, चुकत, पण मराठीत. आधी जे त्यांचं होतं ते पक्कं होतं, म्हणून नव्या भाषेत पाऊल टाकायची भीती नव्हती.

गुरुजी स्वतः याच शाळेत शिकलेले. पुढे बाहेर शिकून परत आले. माझगावच्या आजींचं वाक्य मला त्यांच्याकडे बघताना कळलं.

पण...

इथे लेख संपवला असता तर फार गोड झाला असता. पण परतीच्या वाटेवर, धडगावच्या बाजारात, चहाच्या टपरीवर एक भाऊ भेटले. दोन मुलांचे वडील. मी मोठ्या उत्साहाने बोलीतल्या शिक्षणाबद्दल सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, बोली आमच्या घरी आहे. ती आम्ही शिकवू. शाळेत इंग्लिश शिकवा. तुम्ही तुमच्या पोरांना कुठे टाकता?"

सन्नाटा! कारण उत्तर तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. आपल्या ऑफिसातल्या कितीजणांची मुलं मराठी शाळेत आहेत? आपण मुलाला दीड वर्षाचं असल्यापासून 'ॲपल' म्हणायला लावायचं आणि डोंगरातल्या बापाला बोलीचं महत्त्व सांगायचं, हे काही बरोबर नाही. त्या भाऊंचा प्रश्न रास्त आहे. बोलीने पोट भरत नाही, दाखला मिळत नाही, इंटरव्ह्यू निघत नाही. हे सगळं ते रोज बघतात.

तरी मला वाटतं, की तिढा बोली की इंग्रजी असा नाहीच. माझगावच्या शाळेने हिब्रू जपण्यासाठी मराठी सोडली नाही आणि मराठीसाठी इंग्रजीकडे पाठ फिरवली नाही. तिन्हींची जागा ठरवली. त्या समाजातले कितीतरी जण पुढे इस्राएलला गेले आणि तिकडे त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं! आज त्याच शाळेच्या बाकांवर बहुतेक मुलं इतर धर्मांची आहेत. एका समाजाने आपल्यासाठी काढलेली शाळा दीडशे वर्षांत सगळ्यांची झाली. मुलं कोंडली जातील ही माझी भीती तिथे तरी खरी ठरली नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. १९५६ पासून राज्यघटनेत ३५० क हे कलम आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्याबद्दलचं. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा म्हणतं. पण कागदावरची भाषा वर्गात यायची तर एक माणूस लागतो, ज्याला मोर दोन प्रकारचे असतात हे ठाऊक आहे. माझी मैत्रीण साताऱ्याची. तिची बदली झाली तर तिच्याबरोबर तिने शिकलेली पावरीही जाईल. तिच्या जागी येणारी व्यक्ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल, आणि पहिलीचा एक अख्खा वर्ग पुन्हा वर्षभर गप्प बसेल. म्हणूनच त्या जीवनशाळेतून शिकून परत आलेले गुरुजी मला एवढे महत्त्वाचे वाटतात.

टपरीवरच्या भाऊंना मी तेव्हा एवढंच म्हटलं, की इंग्रजी शिकवायचीच, पण ज्या मुलाला 'तुला काही येत नाही' असं पहिलीतच कळतं, त्याला इंग्रजी तरी कशी येणार? ते हसले. पटलं की नाही, सांगितलं नाही. चहाचे पैसे मात्र देऊ दिले नाहीत.

मुंबईत परतल्यावर मी माझ्या वर्गात एक नवा तास सुरू केलाय. शुक्रवारचा शेवटचा. प्रत्येकाने घरच्या भाषेतला एक शब्द आणायचा आणि शेजाऱ्याला शिकवायचा. भोजपुरी, कोकणी, तुळू, उर्दू, मालवणी... आवाज इतका होतो, की शेजारच्या वर्गाचे सर डोकावून जातात. गेल्या आठवड्यात 'मोर' हा शब्द मी आणला.

जायचं असेल तर

मुंबईहून सुरतमार्गे रेल्वेने नंदुरबार, रात्रीत पोचता. पुढे तळोदा, अक्कलकुवा, धडगाव एसटीने किंवा जीपने. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा मस्त. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार, होळीला काठीची राजवाडी होळी, आणि एरवी कधीही तोरणमाळचा यशवंत तलाव. धडगावात आमचूर आणि नंदुरबारात मिरची घ्यायला विसरू नका.

शाळा बघायच्या असतील तर आधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. मुलांचे फोटो काढून टाकत सुटू नका, चॉकलेटं वाटू नका. मागे भिंतीशी बसा. आणि मधल्या सुट्टीपर्यंत थांबाच.